नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ: जमीन किती घ्यायची आणि जुन्याचं काय करायचं?

मोजणीदार

आमच्या विभागात नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं घाटतंय. विभागाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव आलं की तिसऱ्या प्रतिसादापासून कोणत्या पक्षाने काय केलं ते सुरू होतं आणि धागा परत रुळावर येत नाही. तशीही वाढत्या विभागांची रड सगळीकडे सारखीच: जुना विमानतळ वस्तीने चहूबाजूंनी वेढलेला, धावपट्टी एकच, आणि उतरायच्या आधी विमानांच्या आकाशात घिरट्या.

मी उमेदीची बरीच वर्षं सर्वेक्षणात काढली. लोकांना आधी टर्मिनलचं चित्र दाखवतात, काचेच्या भिंती, पंखासारखं छप्पर वगैरे. कामाची सुरुवात मात्र वाऱ्यापासून होते. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि तसंच उडतं, आडवा वारा त्याला मानवत नाही. आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) शिफारस अशी की किमान ९५ टक्के वेळ धावपट्टी वापरण्याजोगी असावी, आणि मोठ्या विमानांसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा ताशी ३७ किलोमीटर धरावी. त्यावरून धावपट्टीची दिशा ठरते. एकदा ती रेघ नकाशावर पडली की कोणत्या गावावरून विमानं जाणार, कुठली टेकडी आड येणार, रस्ता कुठून वळणार, सगळं तिच्यामागून येतं.

मग लांबी. समुद्रसपाटीला, थंड हवेत एखाद्या विमानाला २,५०० मीटर धावपट्टी पुरते असं धरा. जागा ३०० मीटर उंचीवर असेल तर ७ टक्के वाढवा, झाले २,६७५. सगळ्यात तापलेल्या महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी ३५ अंश असेल, तर त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा (हिशेबासाठी धरतात ते ठरावीक तापमान, इथे साधारण १३ अंश) ती साधारण २२ अंशांनी जास्त. दर अंशाला १ टक्का. आकडा जातो ३,२६० च्या आसपास. उतार असेल तर आणखी वाढ. उष्ण हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही उतरतो, एवढंच त्यामागचं कारण.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काँक्रीट दहा वर्षांपुरतं ओता, जमीन मात्र साठ वर्षांची घ्या. दोन समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर त्यांच्यात किमान १,०३५ मीटर अंतर लागतं. मध्ये टर्मिनल बसवायचं तर त्याहून बरंच जास्त. हे अंतर आज राखलं नाही तर उद्या मिळत नाही.

प्रश्न दोन. जमीन किती? आणि नवा सुरू झाल्यावर जुना बंद करायचा की चालू ठेवायचा?

रात्रपाळी

धागा आवडला. मी विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा एकच भर घालते.

दुसऱ्या धावपट्टीची घाई करण्याआधी पहिलीतून किती काम निघतं ते बघावं. लंडनच्या गॅटविकला एका धावपट्टीवर तासाला ५५ उड्डाणं-उतरणं बसवतात आणि वर्षाला चार कोटींहून जास्त प्रवासी सांभाळतात. त्यात जादू काही नाही. उतरलेलं विमान वेग फार न मोडता तिरकं बाहेर पडेल असे जलद निर्गमन मार्ग योग्य अंतरावर हवेत, आणि वैमानिक व नियंत्रक दोघांच्या अंगवळणी पडलेली शिस्त हवी. शिवाय विमानांची सरमिसळ जितकी कमी तितकं बरं. जड विमानामागे उठणारे हवेचे भोवरे निवेपर्यंत मागच्या लहान विमानाला थांबवावं लागतं. मोठं-लहान-मोठं-लहान अशी रांग लागली की तास वाया जातो.

धावपट्टी रिकामी आणि विमान मात्र एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरशीवर, जागा नाही म्हणून टॅक्सीवेवर ताटकळलेलं, हे मी कितीदा पाहिलंय. आराखड्यात एप्रन नेहमी सावत्र.

उंटावरचा शहाणा

एवढा काथ्याकूट कशाला? मोठा बांधा, विमानं आपोआप येतील. विमानतळ आला की उद्योग येतो, उद्योग आला की प्रवासी येतो.

रात्रपाळी

@उंटावरचा शहाणा, स्पेनमध्ये माद्रिदच्या दक्षिणेला सिउदाद रेआल इथे असाच विचार करून खासगी विमानतळ बांधला. चार किलोमीटरची धावपट्टी, खर्च एक अब्ज युरोच्या घरात. २००८ साली सुरू झाला, २०१२ साली बंद पडला. पुढे लिलावात कोणी तरी त्यासाठी १०,००० युरोची बोली लावल्याची बातमी जगभर गाजली होती. श्रीलंकेतल्या मत्तला विमानतळाचं उद्घाटन २०१३ साली झालं. काही काळाने त्याच्या मालाच्या गोदामांत भात साठवायची वेळ आली. धावपट्टी दोन्हीकडे उत्तम होती. विमान कंपनी धावपट्टी बघून येत नाही, त्या गावाहून रोज किती जण पूर्ण भाडं देऊन उडतील ते बघून येते.

उंटावरचा शहाणा

बरं. उंटावरून उतरतो.

बांधावरची

मोजणीदार, तुमचं लिखाण मन लावून वाचलं. पण "जमीन साठ वर्षांची घ्या" हे ज्याच्या बांधाला खुणेचा दगड लागत नाही त्याने म्हणणं सोपं आहे. आमच्या घरची जमीन एका प्रकल्पात गेली. प्रकल्प कोणता ते राहू द्या. पण संपादन होतं म्हणजे काय होतं ते मला कागदावरून समजून घ्यावं लागलं नाही.

तुम्हाला मिराबेल माहीतच असेल. नसलेल्यांसाठी सांगते. माँट्रियलसाठी कॅनडा सरकारने १९६९ साली जगातला सगळ्यात मोठा विमानतळ करायचं ठरवलं. साधारण ९७,००० एकर जमीन घेतली, म्हणजे ३९,००० हेक्टर. तीन हजारांच्या आसपास कुटुंबं उठवली. विमानतळ १९७५ साली सुरू झाला. शहरापासून अंतर पन्नास किलोमीटरच्या वर, जलद रेल्वे येणार होती ती आलीच नाही. त्यात देशांतर्गत विमानं जुन्या दोर्व्हाल विमानतळाला आणि आंतरराष्ट्रीय मिराबेलला अशी वाटणी केली. बाहेरून आलेल्या प्रवाशाला पुढचं विमान पकडायला रस्त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. लोक सरळ टोरांटोमार्गे जाऊ लागले. २००४ साली मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद झाली, पुढे टर्मिनलही पाडलं. घेतलेली बहुतेक जमीन १९८० च्या दशकातच परत द्यायला सुरुवात झाली होती. परत देऊन काय उपयोग? दहा-पंधरा वर्षांत माणूस दुसरीकडे रुजतो किंवा कुठेच रुजत नाही.

हे साठ वर्षांच्या जमिनीचंच उदाहरण आहे ना?

मोजणीदार

ताई, मिराबेलपुढे मी हात जोडतो. पण त्याच सुमाराचं उलट उदाहरणही घ्या. वॉशिंग्टनचा डलेस १९६२ साली सुरू झाला. शहरापासून दूर, जमीन दहा हजार एकर, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे शुकशुकाट. पांढरा हत्ती म्हणून टिंगल झाली. पण ती जमीन हाताशी होती म्हणून नंतर धावपट्ट्या वाढल्या, टर्मिनल वाढलं, आणि कुणाला नव्याने उठवावं लागलं नाही. शहरातून येणाऱ्या रस्त्याच्या मधोमध भविष्यातल्या रेल्वेसाठी पट्टा राखून ठेवला होता. त्यावरून मेट्रो धावली २०२२ साली. साठ वर्षांनी! पण धावली.

अमेरिकेतल्याच डेन्व्हरचंही तेच. सुमारे १३७ चौरस किलोमीटर जमीन. त्यामुळे तिथे नव्या धावपट्टीचा विषय निघाला की भांडण नसतं, फक्त पैशांचा हिशेब असतो.

शिवाय सगळी जमीन विकतच घ्यायला हवी असं नाही. धावपट्टीच्या आसपास चार किलोमीटरच्या परिघात बांधकामांच्या उंचीवर साधारण ४५ मीटरची छत्री असते, तिच्यावर डोकं काढायचं नाही, पुढे ती हळूहळू वर चढते. समोरच्या टोकांना तर आणखी कडक, दर ५० मीटरला १ मीटर एवढाच चढ. तिथे शेती खुशाल चालू राहू शकते. आरक्षण टाका, उंच बांधू देऊ नका, गरज पडेल तेव्हा घ्या.

बांधावरची

आरक्षण? ते तर संपादनाहून वाईट.

संपादनात निदान पैसे हातात पडतात, वाईट का होईना तुकडा पडतो. आरक्षित जमिनीवर घर वाढवता येत नाही, विहिरीला कर्ज मिळत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही. मुलगी द्यायला लोक विचार करतात. "गरज पडेल तेव्हा" म्हणजे केव्हा, ते लिहिलेलं नसतं. भाव मात्र आरक्षण पडलं त्या दिवसाचा गोठलेला. तुमच्या साठ वर्षांत आमच्या तीन पिढ्या जातात.

मोजणीदार

हे मला असं कुणी समोर बसून सांगितलं नव्हतं. विचार करून लिहितो.

खडीवाला

तुमचं चालू द्या, मी जरा खाली बघतो, मातीत. माझा धंदा भरावाचा.

मोकळी, स्वस्त, वादाची नसलेली जमीन बहुतेक वेळा वाईट जमीन असते. दलदल, खाजण, खारफुटी किंवा थेट समुद्र. जपानमध्ये टोकियोच्या नारिता विमानतळाला शेतकऱ्यांनी इतका कडवा विरोध केला की उद्घाटनाच्या तोंडावर, मार्च १९७८ मध्ये, आंदोलक टॉवरमध्ये घुसले आणि यंत्रं फोडली. उद्घाटन मे महिन्यावर गेलं. दुसरी धावपट्टी उजाडायला २००२ साल यावं लागलं, तीही आखलेल्या लांबीपेक्षा आखूड. हे पाहून ओसाकावाल्यांनी समुद्रात किनाऱ्यापासून पाच किलोमीटरवर बेटच बांधलं. तो कान्साई, १९९४ साली सुरू झाला. भांडायला शेजारी नाही, रात्रीही विमानं चालू.

पण तळाशी मऊ चिकणमाती. तिच्यातलं पाणी निघून जावं म्हणून वाळूचे लाखो उभे निचरे घातले, तरी बेट बसतच राहिलं. भराव सुरू केल्यापासून पहिलं बेट तेरा मीटरहून जास्त खचलंय. टर्मिनलच्या खांबांखाली जॅक आहेत, जो खांब जास्त बसतो तो उचलून खाली पत्रे सरकवतात. सगळं सारखं खचलं तर एवढी भीती नसते, एक कोपरा कमी आणि एक जास्त खचला की इमारत तडकते. सप्टेंबर २०१८ मधल्या वादळात धावपट्टीवर पाणी शिरलं आणि वाहत आलेलं एक टँकर जहाज पुलावर आदळलं. हजारो माणसं बेटावर अडकली.

नवी मुंबईत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात होता. उलव्याची टेकडी फोडून सखल भागावर भराव, उलवे नदीचा प्रवाह वळवलेला, दहा गावांचं स्थलांतर. पर्यावरण मंजुरी २०१० ची, पायाभरणी २०१८ ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. टर्मिनल तर शेवटच्या काही वर्षांत उभं राहिलं. आधीचा सगळा काळ कागद, माणसं आणि माती यांत गेला.

म्हणून म्हणतो, वेळापत्रक बघताना टर्मिनलचा मजला मोजू नका. भराव किती दिवस नुसता पडून ठेवलाय ते विचारा. नवा भराव मुरायला वेळ लागतो, आणि नेत्याच्या तारखेसाठी तो मुरत नाही.

अवांतर: पाणी वळवता येतं, पण पाणी जुनी वाट विसरत नाही. धो धो पावसात ओढा कुठे जायला बघतो ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मग नाला आखा.

पट्ट्यामागचा

खडीवाल्यांना दंडवत. माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा, उद्घाटनाच्या आदल्या रात्रीचा. मी सामानाच्या पट्ट्यांवर काम करतो.

बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ३ जून २०१२ ला ठरलेलं होतं. आमंत्रणं गेली, दुकानांत माल भरला. महिनाही उरला नव्हता तेव्हा रद्द झालं, कारण आग लागली तर धूर बाहेर काढणारी यंत्रणा चालत नव्हती. छप्पर सुबक दिसावं म्हणून धूर वर सोडायच्या ऐवजी खाली खेचून न्यायचा असा घाट घातला होता. धूर वर जातो हे चुलीपुढे बसणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. विमानतळ सुरू झाला ३१ ऑक्टोबर २०२० ला, तोवर कोरोनाच्या साथीमुळे विमानंच फारशी उडत नव्हती.

डेन्व्हर सोळा महिने रखडला तो सामान वाहणाऱ्या स्वयंचलित गाड्यांमुळे. चाचणीत बॅगा फाटत होत्या, उडून पडत होत्या. हाँगकाँगने जुलै १९९८ मध्ये एका रात्रीत जुन्या काय ताक विमानतळाहून नव्या चेक लाप कोकला बिऱ्हाड हलवलं. ती रात्र नेटकी पार पडली, पण मालवाहतुकीची संगणक यंत्रणा कोलमडली आणि मालासाठी जुनं काय ताक काही काळ पुन्हा उघडावं लागलं. हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलला हजारो स्वयंसेवक आणून महिनोन्‌महिने तालीम केली होती. तरी मार्च २००८ च्या पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यांना गाडी लावायला जागा सापडेना, आपलं दार कुठलं ते कळेना, आणि बॅगांचा डोंगर झाला. तालमीतली एक संगणकीय गाळणी काढायची राहून गेली होती, त्यामुळे दुसऱ्या विमान कंपन्यांकडून बदलीने येणाऱ्या बॅगा ओळखल्याच जात नव्हत्या.

यंत्र तपासतात. यंत्रापाशी रात्री तीन वाजता उभा राहणारा माणूस तिथपर्यंत कसा पोचणार, हे कुणी तपासत नाही. पहिली बस किती वाजता आहे, हा माझ्या लेखी आराखड्यातला प्रश्न आहे.

रात्रपाळी

बसवरून आठवलं, जुन्याचं काय करायचं हा मूळ प्रश्न तसाच राहिलाय.

माझं मत: कारण स्पष्ट नसेल तर दोन दगडांवर पाय ठेवू नयेत. ओस्लोने ऑक्टोबर १९९८ मध्ये गार्डेरमोएन सुरू केला आणि शहराजवळचा फोर्नेबू बंद केला. विमानतळासोबतच जलद रेल्वेही सुरू झाली. तिचा एक बोगदा गळल्यामुळे तो भाग वर्षभर उशिरा जोडला गेला, पण लोकांना पहिल्या दिवसापासून गाडी होती. त्याच वर्षी मिलानने माल्पेन्सा वाढवला, पण शहराला खेटून असलेलं लिनाते चालूच ठेवलं. धंद्याचा प्रवासी लिनातेला चिकटून राहिला. माल्पेन्साला जोडविमानांचं केंद्र करायचं स्वप्न होतं, दहा वर्षांनी इटलीच्या अलितालिया विमान कंपनीने तिथलं बस्तान बरंच आवरतं घेतलं.

आपल्याकडे हैदराबाद आणि बंगळूरु, दोन्हीकडे २००८ साली नवे विमानतळ सुरू होताच जुन्यांवरची नियमित प्रवासी विमानं थांबवली. करारातच ते होतं, शिवाय १५० किलोमीटरच्या परिघात २५ वर्षं दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ न काढण्याची अटही. तेव्हा बंगळूरुच्या लोकांनी जुना चालू ठेवा म्हणून बरीच ओरड केली होती. त्यांची तक्रार खोटी नव्हती, नवा खरोखर लांब होता आणि रस्ता अपुरा होता.

उंटावरचा शहाणा

मग मुंबईने दोन्ही का ठेवले?

रात्रपाळी

चांगला प्रश्न, उतरल्याचा फायदा झाला तुम्हाला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच धरून चालावं लागतं, आणि वाढीला जागा नाही. मागणी एवढी की दोन्ही भरतील. मी वर "कारण स्पष्ट असेल तर" म्हणतेय ते हेच. जिथे जुना आताशा कुठे भरत आलाय तिथे दोन ठेवले तर दोन्ही अर्धपोटी राहतात. दोन अग्निशमन दलं, दोन टॉवर, दोन सुरक्षा पथकं, आणि प्रवासी तेवढेच.

खडीवाला

आणि पक्षी विसरू नका. विमानतळाजवळ कचऱ्याचा डेपो असला की घारी आल्या. नवी जागा ठरवताना माती बघायला आम्हाला नेतात, पक्षी बघणारा माणूस फार उशिरा येतो.

मोजणीदार

दोन दिवस उत्तर दिलं नाही, क्षमस्व. ताईंच्या प्रतिसादावर विचार करत होतो.

माझं पहिलं वाक्य बदलतो. जमीन साठ वर्षांची *आखा*, हे कायम. समांतर धावपट्टीचं अंतर आणि रेल्वेचा पट्टा या दोन गोष्टी नंतर मिळत नाहीत, त्या पहिल्याच दिवशी पूर्ण मोबदला देऊन घ्याव्यात, लांबणीवर टाकू नयेत. बाकीच्या आरक्षणाला मुदत हवी. मुदतीत घेतली नाही तर आरक्षण आपोआप उठावं, आणि घेतली तर भाव घेण्याच्या दिवसाचा असावा. मिराबेलमध्ये चूक जमीन मोजण्यात नव्हती. प्रवासी किती येतील याचा अंदाज फुगलेला होता आणि त्या अंदाजाची किंमत आधी शेतकऱ्याकडून वसूल केली. अंदाज चुकला तर भुर्दंड अंदाज करणाऱ्याला पडायला हवा.

मी इतकी वर्षं नकाशांवर घरांना क्रमांक देत आलो. "अडथळा क्रमांक अमुक." आयकाओच्या भाषेत ते बरोबरच आहे.

बांधावरची

मुदतीचं पटलं. मोबदल्यावर माझं अजून बरंच म्हणणं आहे, सवडीने लिहीन.

एक विचारायचं होतं. तुम्ही वर वाऱ्याचं लिहिलंत. तो वारा किती दिवस मोजतात?

मोजणीदार

जितका जास्त तितका चांगला, शक्यतो पाच वर्षांपेक्षा कमी नको. दिवसातून किमान आठ वेळा, सारख्या अंतराने. जवळ हवामान केंद्र असेल तर तिथल्या जुन्या नोंदी घेतात, पण मध्ये टेकडी असेल तर त्यांचा भरवसा नाही, जागेवरच मनोरा उभारावा लागतो.

बांधावरची

आमच्या शिवारात मनोरा कधीच नव्हता. खुणेचे दगड एका रात्रीत लागले होते.

मोजणीदार

तुमच्या इथे काय बांधलं मला ठाऊक नाही. पण विमानतळ म्हणून कुणी दगड घेऊन आलं, तर दगडाला हात लावू देण्याआधी वाऱ्याच्या नोंदी मागा. कोणत्या जागेवरच्या आणि कधीपासूनच्या, दोन्ही लिहून घ्या.